पात्रांवांचं गाऱ्हाणं

बिस्किटाचा पुडा माणूस फोडतो तो खाण्यासाठी. पात्रांव तो आधी उलटा करायचे. कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, आणि पुढ्यातला चहा निवत असताना पुड्याच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं ते ओठ हलवत वाचून काढायचे. वजन किती, कुठे बनवला, कधी बनवला, तक्रार कोणाकडे करायची. सगळं जागच्या जागी असलं तर मान हलवून एक बिस्किट उचलायचे. काही कमी निघालं तर पुडा तसाच दुकानदाराकडे परत. गणपतीत कोणाकडे गेले आणि पुढ्यात करंज्यांची बशी आली तर करंजीला पाठ नसते, म्हणून घरच्या बाईलाच विचारायचे, "कधी केलंस गो?" त्या बाईला वाटायचं, म्हाताऱ्याला आपली करंजी शिळी लागली. अर्धं मालवण त्यांच्यावर कायम रुसलेलं असायचं ते यापायी.

पात्रांव हे त्यांचं नाव नव्हे. आमच्याकडे ख्रिस्ती घरातल्या वडीलधाऱ्या, मानाच्या माणसाला पात्रांव म्हणतात. खरं नाव मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. नावांच्या बाबतीत माझा हात चांगला नाही, ते पुढे कळेलच.

मुंबईत फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं ट्रेडमार्कच्या फायली सांभाळल्या. वकील नव्हते, कारकून होते. पण तिथले वकील अडले की यांच्याच टेबलाशी यायचे, असं ते सांगत, आणि ते खोटं नसावं. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास निवृत्त होऊन गावी आले ते एक टाइपरायटर आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन. बाजारात एका शिंप्याच्या दुकानाला पडवी होती. तिथे बाकडं टाकून बसू लागले. ट्रंकेत काय असेल यावर लोकांनी बरेच दिवस तर्क लढवले. निघाली वेष्टनं. सोड्याच्या बाटल्यांची लेबलं, विड्यांच्या बंडलांवरचे कागद, बंद पडलेल्या कारखान्यांच्या साबणांची खोकी. माणसं तिकिटं जमवतात तशी त्यांनी नावं जमवली होती.

तेव्हा आमचा जिल्हा पर्यटनाचा झाला होता, आणि ज्याला त्याला धंद्याची उबळ आली होती. घरोघरी कोकम बाटलीत आणि लोणचं बरणीत शिरत होतं. पडवीवर दिवसभर माणसं. घरी लोणचं घातलं तर परवाना लागतो का? माझ्या खानावळीचं नाव पलीकडच्यानं लावलं तर मी काय करू? भागीदारी तोंडी चालते का? पात्रांव प्रत्येकाला उत्तर द्यायचे, पण विचारलेल्या प्रश्नाचं क्वचितच. खानावळीवाल्याला ते विचारायचे, "आधी तू ह्या नाव खंयसून आणलंस तां सांग." देवाचं नाव घेऊन आलेल्याला सांगायचे, "देवाच्या नावाचो मक्तो कोणाक मिळणा नाय. तुझ्या आजयेचा नाव घी. तिका बरा वाटात." फी म्हणून टपालाचा खर्च आणि मालाचं एक कोरं वेष्टन. ते ट्रंकेत जायचं.

तोंडवलीचा एक सरबतवाला कोल्हापुरातून झकपक लेबलं छापून घेऊन आला. नावाच्या डोक्यावर गोलातला आर. नोंदणीचा अर्जसुद्धा अजून केला नव्हता. पात्रांवांनी विचारलं, हा गोल कुणी दिला? तो म्हणाला, सगळेच लावतात, शोभा येते. "नोंद जाल्याशिवाय ह्यो गोल लावणा गुन्हो आसा रे बाबा," असं म्हणून पात्रांवांनी शिंप्याकडून दोन ब्लेडं मागून घेतली. एक त्याला दिलं, एक स्वतः धरलं, आणि दोघं मिळून दुपारभर ते गोल खरवडत बसले. सरबतवाल्याच्या तोंडावरून वाटत होतं की त्याची सुंता चालली आहे. आम्ही समोरून बघत होतो आणि हसून हसून बेजार होत होतो.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा होता तो गाऱ्हाण्याचा.

नावाच्या नोंदणीचा अर्ज इंग्रजीत. भरणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. बाकीचे एजंट बोट ठेवतील तिथे सही घ्यायचे. पात्रांव सही घेण्याआधी अख्खा अर्ज मालवणीतून म्हणून दाखवायचे, तोही साधा नाही, देवळात गावातर्फे गाऱ्हाणं घालतात त्या सुरात. त्यांच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे गाव आणि गावापुढे ग्रामदैवत लिहिलेलं असायचं. त्या देवाचं नाव घेऊन ते उभे राहत, छत्री काखेत, आणि सुरू करत: "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू आज अर्ज करता हा. ह्या नाव तेना सोताच्या डोक्यातसून काढल्यान, दुसऱ्याचा उचलूक नाय, तां तुका म्हायत आसा रे म्हाराजा!" आणि गिऱ्हाइकानं म्हणायचं, "व्हय म्हाराजा." प्रत्येक कलमामागे एकदा. ख्रिस्ती गिऱ्हाईक असलं तर "व्हय सायबा." त्यात सूट नव्हती.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, पात्रांव, तुम्ही इगर्जीत प्रार्थनेला जाणारे, तुम्हाला आमचं गाऱ्हाणं कशाला? टाइपरायटरची फीत बदलत होते. वर न बघता म्हणाले, "इंग्रजीत खोटा सांगणा सोपा आसा. सही काय, हात करता, हाताक काय कळता? तोंडान म्हणाचा लागला काय माणूस थांबता. आमी आमेन म्हणतो, तुमी व्हय म्हाराजा. एकदा म्हटल्यार दोघांकय मागे फिराक येणा नाय."

माणूस थांबतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तळेऱ्याचे दोघे भाऊ काजूच्या धंद्याचं नाव नोंदवायला आले होते. अर्ज थोरल्याच्या एकट्याच्या नावानं करायचा, असं ठरवूनच आलेले. धाकटा सोबत आला होता तो पिशवी धरायला. गाऱ्हाणं चाललं होतं छान, थोरला खणखणीत होकार देत होता, आणि मग आलं, "ह्यो धंदो ह्येना एकट्यान उभो केल्यान, तां तुका म्हायत आसा रे म्हाराजा!" थोरला गप्प. पात्रांवांनी पुन्हा म्हटलं. धाकटा रस्त्यावरच्या रिक्षा मोजत असल्यासारखा तिकडे बघत होता. तिसऱ्यांदा म्हटल्यावर थोरला हळूच म्हणाला, "दोघांचा नाव घाला." पात्रांवांनी कागद फाडला आणि नवीन चढवला. मी तेव्हाही हसलो होतो. दुसऱ्याची जीभ अडखळते तेव्हा हसू येतंच.

आता माझी गोष्ट.

आमचं घर धामापूरला, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. माझं किराणा दुकान मात्र मालवणात, स्टँडजवळ. थोरला भाऊ घरी शेती बघायचा. त्याचं लग्न झालं तेव्हा वयनीचं नाव शेवंती होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तांदळात नवीन नाव लिहिलं गेलं, शुभदा. ते आमच्या आईनं ठरवलं होतं. वयनीला कोणी विचारलं नाही, आणि विचारायची पद्धतही नव्हती. भाऊ तेवढा कोणी आसपास नसलं की तिला शेवंती म्हणायचा. मी एकदोनदा ऐकलं होतं.

वयनीच्या हाताला कुळथाच्या पिठीची जी चव होती ती मी दुसरीकडे कुठे खाल्ली नाही. मंद चुलीवर खापरात कुळीथ भाजायचे, घाई करायची नाही, जात्यावर भरडून साल पाखडायची आणि मग दळायचं. चाकरमानी मुंबईला परतताना तिच्याकडून पिठी मागून न्यायचे. भावाला कल्पना सुचली. त्यानं पिशव्या आणल्या, आणि प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घातली. चिठ्ठीवर बॉलपेननं लिहिलं, शेवंती. तिचं नाव तिला परत द्यायची ही त्याची युक्ती होती, असं मला आता वाटतं. दोन वर्षांनी तो काविळीनं गेला. वयनीनं पिठी थांबवली नाही. मी चिठ्ठीऐवजी छापील पाकीट केलं, दुकानात पुढे मांडलं, कणकवली-कुडाळपर्यंत पोचवलं. माझं काहीच नव्हतं असं नाही. पण पिठी तिची होती आणि नाव तिचं होतं. माझं होतं ते पाकीट.

ते पाकीट घेऊन मी पडवीवर गेलो. पात्रांवांनी आधी पाठ वाचली, मान हलवली. मग सुलटं केलं.

"शेवंती कोण?"

"तां नाव आसा पिठयेचा."

"तां दिसता माका. शेवंती कोण?"

म्हटलं, वयनीचं माहेरचं नाव. "मगे तिका घेवन ये," ते म्हणाले. मी म्हटलं, ती बाईमाणूस, कचेरीच्या भानगडीत कशाला? "बरा तर, मी येतंय." आणि खरोखरच पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपून एसटीनं धामापूरला हजर. काखेत छत्री, हातात फोल्डर.

वयनीनं पिठी आणि भात वाढला. बांगडा होता. जेवताना ते एक अक्षर बोलले नाहीत. हात धुऊन आल्यावर पदरानं हात पुसत उभ्या असलेल्या वयनीला त्यांनी विचारलं, "पाकिटावरचा नाव कोणाचा गो बाय?"

"माझा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, होता."

"मगे अर्ज तुझ्या नावान करूक व्हयो."

वयनीनं माझ्याकडे पाहिलं. "भावजींच्याच नावार करा. माका कागदातला काय कळता?"

मला सुटल्यासारखं वाटलं. पात्रांव उठून उभे राहिले. म्हणाले, ठीक, तिची हरकत नाही तर आता देवीची विचारू. आणि आमच्या ओसरीवर, तळ्याकाठच्या भगवतीच्या देवळाकडे तोंड करून त्यांनी सुरू केलं, "गे भगवती माये..." माझं नाव, गाव, दुकान. व्हय म्हाराजा. माल कुळथाची पिठी. व्हय म्हाराजा. मग, "ही पिठी ह्येची, ह्या शेवंती नाव ह्येचा, दुसऱ्या कोणाचो तेच्यार हक्क नाय, तां तुका म्हायत आसा गे माये!"

वयनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पात्रांवांनी दुसऱ्यांदा म्हटलं. मी खाकरलो. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत वयनी आत निघून गेली होती. मी मान खाली घालून बसलो.

फोल्डरची नाडी बांधत ते म्हणाले, "अर्ज होवचो नाय. तिच्या नावान करूक सांग, आत्ता करतंय."

मी नको म्हटलं. खरं कारण सांगतो. तिचा भाऊ तोंडवलीला होता. उद्या तिला माहेरची ओढ लागली, तर भाऊ नावासकट धंदा उचलून नेईल, ही भीती माझ्या मनात होती. वयनी धंदा नेईल अशी नव्हती. पण भीतीला कारण लागतंच असं नाही.

मी कुडाळला एका एजंटाकडे गेलो. त्यानं पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या ठिकाणी पाच सह्या घेतल्या आणि काहीही वाचून दाखवलं नाही. चहा मात्र पाजला.

इथवर मी स्वार्थी होतो असं म्हणता येईल. यापुढचं लिहायला जड जातं. ओसरीवर मान खाली घालावी लागली त्याचा राग माझ्या पोटात राहिला होता. एक दिवस न्हाव्याकडे खुर्चीत बसून मी बोलून गेलो की, तो पात्रांव आमच्या देवीच्या गाऱ्हाण्याची थट्टा करतो, ख्रिस्ती माणसानं हे करणं बरं दिसतं का? एवढंच वाक्य. न्हाव्याच्या दुकानात सांडलेलं वाक्य कुठे जातं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. महिन्याभरात दोन मानाची माणसं पडवीवर जाऊन गोड शब्दांत सांगून आली की, पात्रांव, ते तेवढं थांबवा. पात्रांवांनी वाद घातला नाही. गाऱ्हाणं थांबलं. त्यानंतर ते नुसते अर्ज भरायचे, खाली बघून. ज्यांच्या देवांची नावं त्यांनी वहीत इतक्या निगुतीनं लिहिली होती, त्यांच्यापैकी कोणीही त्यांच्या बाजूनं उभं राहिलं नाही. मी तर नाहीच.

न्हाव्याकडचं ते वाक्य कोणाच्या तोंडून निघालं ते त्यांना कळलं होतं. मालवण केवढंसं. तरी रस्त्यात भेटले की थांबायचे आणि एकच विचारायचे, "शेवंती कशी आसा?" आमच्याकडे तिला त्या नावानं विचारणारा तो एकच माणूस उरला होता. मी "बरी आसा" म्हणून सटकायचो.

चारेक वर्षांनी शेवंती या नावाच्या नोंदणीचं सर्टिफिकेट माझ्या नावानं आलं. मी ते काचेत घालून दुकानात देवांच्या तसबिरींशेजारी लावलं. धंदा वाढला. चुलीवरच्या भाजणीनं मागणी पुरी होईना, म्हणून गिरणीत मोठ्या यंत्रावर भाजून आणायला लागलो. वयनीनं एक चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "भावजी, ही पिठी न्हय." घरात त्यावरून बोलाचाली झाली, माझी बायको काही बोलली, मीही बोललो. वयनी कपड्यांची पिशवी आणि खापर घेऊन तोंडवलीला भावाकडे गेली.

तिथे तिनं पुन्हा पिठी सुरू केली. भाच्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या. शेवंती. भावानं लिहिलं होतं तसंच, बॉलपेननं.

एक पिशवी माझ्या कुडाळच्या विक्रेत्याच्या हाती लागली. तो म्हणाला, हे थांबव, नाहीतर तुझ्या नावाला अर्थ नाही. मी वकिलाकरवी नोटीस पाठवली. वकिलानं ती इंग्रजीत लिहिली, आणि इंग्रजीत लिहिल्यामुळे ती मला वयनीला लिहिल्यासारखी वाटलीच नाही. उत्तर आलं नाही. चिठ्ठ्या बंद झाल्या. पुढे बाजारात कोणी सांगितलं की तोंडवलीची एक बाई बिननावाच्या पिशवीतून पिठी विकते आणि कोणती पिठी विचारलं तर म्हणते, "पिठी."

त्यानंतर आठवड्याभरात पात्रांव दुकानात आले. काठी टेकत. फळीवरचं एक पाकीट उचलून त्यांनी पाठ वाचली, सुलटं केलं आणि परत ठेवलं. खिशातून चौघडी केलेला कागद काढला. नाव दुसऱ्याच्या मालकीचं करून देण्याचा तो फॉर्म होता, टाइप केलेला, वरवर पाहता सगळा भरलेला.

"तारीख घालूक नाय," ते म्हणाले. "तुका व्हय म्हणाक जमात तेव्हा घाल."

मी गिऱ्हाईक बघतोय असं दाखवलं. ते गेल्यावर कागद गल्ल्याच्या खणात सरकवला. रागानं का होईना, मी तो फाडला नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं.

नंतर ते दिसेनासे झाले. म्हापशाला मुलीकडे राहायला गेले होते. तिकडेच वारले, ते मला तीन-चार महिन्यांनी शिंप्याकडून कळलं, पँट खाली सोडायला गेलो तेव्हा. पडवीत आता कोणीतरी मोबाइलची रिचार्ज कुपनं विकत होतं. मी ट्रंकेचं विचारलं. शिंपी म्हणाला, मुलीला जागा नव्हती, रद्दीवाल्याला दिली. त्या ट्रंकेत माझं पहिलं पाकीट असणार, आणि कदाचित भावाची चिठ्ठीही. त्या रविवारी वयनीनं त्यांना एक दिली होती.

दुकानात येऊन खण उघडला. कागद बाहेर काढला, वाचला. देणार म्हणून माझं नाव. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. मला वाटलं, म्हातारा विसरला. मग सहज कागद उलटा केला. दोन वर्षं मी त्या कागदाची पाठ पाहिली नव्हती. पाठीवर पेन्सिलीनं, त्यांच्या शाळकरी वळणाच्या अक्षरात एवढंच होतं: "नाव तिका इचारून भर."

दुसऱ्या दिवशी तोंडवलीला गेलो. वयनी मागीलदारी कुळीथ भाजत होती. माझी चाहूल लागली तरी तिनं उलथणं थांबवलं नाही. कुळीथ थांबत नाहीत. केस पिकले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं की, नाव तुझं आहे, मी घेतलं होतं, परत द्यायला आलोय. पात्रांव गेले हेही सांगितलं. उलथणं क्षणभर थांबलं.

"बरो माणूस," ती म्हणाली. "जेवताना बोललो नाय."

मग मी कागद पुढे धरला. "वयनी, हयसर तुझा नाव लिवचा आसा. खंयचा लिवू?"

तिनं खापर उतरवलं, कुळीथ सुपात ओतले.

"माका ह्या पयल्यांदाच कोणी इचारल्यान, भावजी," ती म्हणाली. "शेवंती लिवा."

मी तेच लिहिलं. लिहिताना 'व्हय म्हाराजा' माझ्या तोंडाशी आलं होतं, पण पुढचं कलम म्हणायला कोणी नव्हतं.

तो कागद कुडाळच्या वकिलानं तासाभरात परत केला. म्हणाला, या नावाच्या बाईचा पुरावा आणा. रेशनकार्डावर शुभदा आहे. मतदानाच्या कार्डावर शुभदा आहे. शाळेत ती गेली नाही, आणि जन्म घरी झाला तो कोणी नोंदवला नाही. मी म्हटलं, मग शुभदा लिहू? वकील म्हणाला, लिहा की, कायद्याला चालतं. कायद्याला चालत असेल. पण मी विचारलं होतं, आणि तिनं उत्तर दिलं होतं. पात्रांवांनी यातून काहीतरी वाट काढली असती. त्यांच्याकडे ती वाट असणार, म्हणून तर त्यांनी विचारायला सांगितलं. मी त्यांना एकदा विचारलं असतं तर.

कागद अजून खणात आहे. वयनीला तोंड दाखवायला मी पुन्हा गेलो नाही. शेवंती हे नाव ज्यावर आहे असा सरकारी कागद साऱ्या दुनियेत एकच आहे. तो माझ्या दुकानात काचेत लावलेला आहे, आणि त्यावर मालक म्हणून माझं नाव आहे.